रात्र आणि संधिप्रकाश यांची लांबी : सूर्याच्या स्थानावरून हिशेब

अक्षांश आणि तारीख एवढेच हाती असताना रात्रीची आणि संधिप्रकाशाची लांबी कशी काढावी, असा आपला प्रश्न आहे. त्याबरोबर आपण आपल्या गणितातील तीन अडचणीही सांगितल्या आहेत. पहिली अशी की, जूनच्या अयनदिनाची (२१ जूनच्या सुमारास, उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस) आपली रात्र सूर्योदय-सूर्यास्ताच्या छापील तक्त्यांपेक्षा २०° अक्षांशावर सुमारे ८ मिनिटांनी आणि ५०° वर सुमारे १३ मिनिटांनी मोठी येते. दुसरी अशी की, संधिप्रकाश आपण १८ भागिले १५, म्हणजे १ तास १२ मिनिटे, असा कायमचा धरला आहे आणि तो तक्त्यांशी जवळजवळ कधीच जुळत नाही. तिसरी अशी की, ५०° अक्षांशासाठी जूनमध्ये संपूर्ण अंधाराची वेळ विचारली की संगणक उत्तर न देता चूक दाखवून थांबतो. या तिन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. सूर्यास्त, नागरी संधिप्रकाशाचा शेवट आणि गडद अंधाराची सुरुवात हे तीन वेगळे प्रश्न नसून एकाच समीकरणात सूर्याच्या उन्नतांशाची (क्षितिजापासूनच्या कोनीय उंचीची) वेगवेगळी किंमत घातल्यावर मिळणारी उत्तरे आहेत, आणि आपण ते समीकरण त्याच्या एका खास, सोप्या रूपात वापरत आहात.

पूर्ण समीकरण आधी मांडतो. अक्षांश अ, सूर्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले त्याचे कोनीय अंतर) क, सूर्याचा उन्नतांश उ आणि होराकोन ह मानू. उत्तर अक्षांश व उत्तर क्रांती धन, दक्षिण ऋण. उन्नतांश क्षितिजाच्या वर धन, खाली ऋण. होराकोन म्हणजे सूर्याने मध्यान्हापासून कापलेले कोनीय अंतर. मध्यान्ही तो ०° असतो, मध्यरात्री १८०°, आणि दर तासाला १५° वाढतो, म्हणजेच एका अंशाला ४ मिनिटे लागतात. खगोलीय ध्रुव, खस्वस्तिक (बरोबर डोक्यावरचा बिंदू) आणि सूर्य या तीन बिंदूंनी आकाशात जो गोलीय त्रिकोण होतो, त्याला कोसाइनचा नियम लावला की पुढील संबंध मिळतो:

साइन उ = साइन अ × साइन क + कोसाइन अ × कोसाइन क × कोसाइन ह

आपल्याला वेळ हवी आहे, म्हणून ते उलटवून लिहू:

कोसाइन ह = (साइन उ − साइन अ × साइन क) ÷ (कोसाइन अ × कोसाइन क)

उ ठरवला की ह मिळतो. सूर्य त्या उन्नतांशाच्या वर २ह ÷ १५ तास असतो आणि खाली उरलेला वेळ, म्हणजे २ × (१८०° − ह) ÷ १५ तास, असतो. एवढीच यंत्रणा आहे. पुढचे सगळे काम उ आणि क यांच्या योग्य किमती ठरवण्याचे आहे.

उ च्या जागी शून्य घातले तर समीकरणाचे ते सोपे रूप मिळते जे आपण वापरले आहे: कोसाइन ह = −टॅन अ × टॅन क. सूर्याचा मध्यबिंदू भूमितीय क्षितिजावर असण्याची ही अट आहे. हे रूप फार जुने आहे. आपल्याकडच्या सिद्धांतग्रंथांत अर्धा दिवस आणि ९०° यांतील फरकाला ‘चर’ म्हणतात, आणि चराची ज्या (साइन) म्हणजे नेमका हाच टॅन अ × टॅन क हा गुणाकार असतो. विषुवदिनी (मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्याची क्रांती शून्य असते त्या दिवशी) मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, जी सावली पडते ती पलभा, आणि पलभा भागिले बारा म्हणजे टॅन अ. अर्थात, एक काठी आणि तिची सावली एवढ्यावर दिनमान काढण्याची सोय या रूपात होती. त्याचा दोष इतकाच की, आज तक्त्यांत ज्याला सूर्यास्त म्हणतात तो हा क्षण नव्हे.

तक्त्यांतील सूर्यास्त म्हणजे सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजाआड जाते तो दिसणारा क्षण. वरची कड मध्यबिंदूच्या सुमारे १६ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर असते, आणि क्षितिजालगत वातावरणातील अपवर्तनामुळे (प्रकाशकिरण वाकल्यामुळे) बिंब प्रत्यक्षापेक्षा सरासरी ३४ कला वर उचललेले दिसते. दोन्ही मिळून ५० कला होतात, म्हणून सूर्योदय आणि सूर्यास्त यांसाठी उ = −०.८३३° घ्यावा लागतो. विषुववृत्तावर विषुवदिनी यामुळे दिवस १२ तासांऐवजी जवळजवळ १२ तास ७ मिनिटांचा होतो. ‘विषुवदिनी दिवस आणि रात्र समान’ हे विधान तेथेसुद्धा काटेकोरपणे खरे नाही. जसजसे उत्तरेला किंवा दक्षिणेला जावे तसतसा सूर्य क्षितिजाकडे अधिक तिरका उतरतो, त्याच ५० कलांना अधिक वेळ लागतो आणि दिवसाची वाढ मोठी होते. जूनच्या अयनदिनी ५०° वर सोपे रूप ७ तास ५१ मिनिटांची रात्र देते, तर −०.८३३° घातल्यावर ती ७ तास ३८ मिनिटांची होते. आपली हरवलेली १३ मिनिटे ती हीच.

संधिप्रकाशाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात आणि त्यांच्या सीमा मध्यबिंदू क्षितिजाखाली ६°, १२° आणि १८° असण्यावर ठरवलेल्या आहेत. नागरी संधिप्रकाशात, म्हणजे ६° पर्यंत, हवा स्वच्छ असेल तर उघड्यावरची कामे दिव्याशिवाय करता येतात. नाविक संधिप्रकाश १२° पर्यंत असतो. या काळात ठळक तारेही दिसतात आणि समुद्राची क्षितिजरेषाही ओळखू येते, म्हणून जहाजावरून सेक्स्टंटने ताऱ्यांचे उन्नतांश मोजण्याचा हा काळ. खगोलीय संधिप्रकाश १८° ला संपतो आणि त्यानंतर सूर्याचा विखुरलेला प्रकाश आकाशाच्या स्वतःच्या मंद उजेडापुढे नगण्य ठरतो. या तिन्ही सीमा शुद्ध भूमितीय आहेत. त्यांत अपवर्तन मिळवायचे नाही आणि बिंबाची त्रिज्याही मिळवायची नाही. −६° च्या जागी −६.८३३° घालण्याची चूक मी इतक्या प्रणालींत (संगणकाच्या आज्ञावलींत) पाहिली आहे की, संधिप्रकाश तीन-चार मिनिटांनी लांबलेला दिसला की पहिली शंका मी तिचीच घेतो.

आता एक उदाहरण पूर्ण करू. अक्षांश २०° उत्तर, जूनचा अयनदिन, क्रांती +२३.४४°. साइन अ × साइन क = ०.३४२०२ × ०.३९७७९ = ०.१३६०५ आणि कोसाइन अ × कोसाइन क = ०.९३९६९ × ०.९१७४८ = ०.८६२१५. सूर्यास्तासाठी साइन (−०.८३३°) = −०.०१४५४, म्हणून कोसाइन ह = −०.१५०५९ ÷ ०.८६२१५ = −०.१७४६७ आणि ह = १००.०६°. दुप्पट करून १५ ने भागले की दिवस १३ तास २० मिनिटांचा आणि रात्र १० तास ४० मिनिटांची येते. त्याच दोन गुणाकारांवर उ = −६° घातला तर ह = १०६.२०°, −१२° घातला तर ११३.५१°, आणि −१८° घातला तर १२१.०८°. सूर्यास्ताच्या होराकोनापासूनचे अंतर चारने गुणले की नागरी संधिप्रकाश सूर्यास्तानंतर सुमारे २५ मिनिटांनी, नाविक ५४ मिनिटांनी आणि खगोलीय ८४ मिनिटांनी संपतो. पूर्ण अंधाराची रात्र उरते ती २ × (१८०° − १२१.०८°) ÷ १५, म्हणजे ७ तास ५१ मिनिटे. ‘रात्र किती तासांची’ या प्रश्नाला एकाच ठिकाणी, एकाच तारखेला १० तास ४० मिनिटे आणि ७ तास ५१ मिनिटे ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तेव्हा कोणती रात्र हवी ते आधी ठरवावे.

संधिप्रकाश कायमचा ७२ मिनिटे का नसतो, हेही याच गणितातून कळते. सूर्याचा खाली उतरण्याचा वेग दर तासाला १५° × कोसाइन अ × कोसाइन क × साइन ह इतका असतो. विषुववृत्तावर, विषुवदिनी, सूर्य सरळ खाली जातो आणि फक्त तेथेच हा वेग पूर्ण १५° भरतो. तेथेही दिसणाऱ्या सूर्यास्तापासून मोजले तर ०.८३३° आधीच खर्च झालेले असतात, म्हणून ७२ नव्हे तर सुमारे ६९ मिनिटेच मिळतात. ५०° वर विषुवदिनी सूर्यास्ताच्या वेळचा वेग तासाला साडेनऊ अंशांच्या आसपास येतो आणि खगोलीय संधिप्रकाश १ तास ५० मिनिटे चालतो. शिवाय रात्र चढत जाते तसा साइन ह बदलतो. उन्हाळ्यात तो शून्याकडे झुकतो, म्हणजे सूर्य उतरता उतरता क्षितिजाला समांतर सरकू लागतो. जूनच्या अयनदिनी ५०° वर पहिल्या ६ अंशांना सूर्यास्तापासून ४५ मिनिटे लागतात आणि पुढच्या ६ अंशांना ६६ मिनिटे. म्हणून नागरी संधिप्रकाशाला तीनने गुणून खगोलीय काढण्याचा आडमार्ग उन्हाळ्यात पार फसतो. प्रत्येक सीमेसाठी समीकरण स्वतंत्र सोडवावे.

आणि त्यापुढचे ६ अंश? तेथेच आपला संगणक थांबतो. −१८° घातल्यावर ५०° अक्षांशासाठी कोसाइन ह = −१.०४१ येतो, आणि −१ पेक्षा लहान कोसाइनचा कोन नसतो. ही चूक नाही. तेच उत्तर आहे. सूर्य त्या रात्री १८° खाली जातच नाही. मध्यरात्री त्याचा उन्नतांश |अ + क| − ९०° असतो, म्हणजे येथे −१६.५६°, आणि पुढे तो पुन्हा वर येऊ लागतो. संध्याकाळचा खगोलीय संधिप्रकाश पहाटेच्या संधिप्रकाशात थेट मिसळतो. प्रणालीत व्यस्त कोसाइन (कोसाइनवरून कोन) काढण्याआधी किंमत तपासावी: ती −१ पेक्षा कमी असेल तर सूर्य चोवीस तास त्या उन्नतांशाच्या वर राहतो, +१ पेक्षा अधिक असेल तर चोवीस तास खाली. काही जण किंमत मुकाट्याने −१ वर दाबतात. त्याने लांबी शून्य येते हे खरे, पण ‘अंधार होत नाही’ आणि ‘अंधार एका क्षणापुरता होतो’ यांतला भेद पुसला जातो, म्हणून मला ती पद्धत पसंत नाही.

या सीमेलगत उत्तर किती नाजूक होते ते पाहण्यासारखे आहे. जूनच्या अयनदिनी ४८° वर गडद अंधार १ तास २० मिनिटे टिकतो, ४८.५° वर तो जेमतेम २६ मिनिटांचा उरतो, आणि ४८.५६° च्या उत्तरेला तो नाहीसा होतो. हा ४८.५६ म्हणजे ९० वजा १८ वजा २३.४४. त्याच वजाबाकीने रात्रभर नाविक संधिप्रकाश टिकण्याची मर्यादा ५४.५६° आणि रात्रभर नागरी संधिप्रकाश टिकण्याची ६०.५६° येते. मध्यरात्रीचा सूर्य दिसण्याची मर्यादा मात्र ध्रुववृत्ताच्या ६६.५६° वर नसून अपवर्तन आणि बिंबाची त्रिज्या यांमुळे सुमारे ६५.७३° पर्यंत खाली सरकते. डिसेंबरमध्ये त्याच कारणाने उलट घडते: नेमक्या ध्रुववृत्तावर सूर्य थोडा वेळ डोकावतोच, आणि दिवसभर न उगवणारा सूर्य हवा असेल तर सुमारे ६७.४° च्या पलीकडे जावे लागते. ध्रुवावर कोसाइन अ शून्य होऊन भागाकारच निरर्थक ठरतो, पण तेथे समीकरणाची गरजही नाही, कारण उन्नतांश म्हणजेच क्रांती. क्रांती −१८° च्या खाली असते तो काळ, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतचे अडीच महिने, हाच उत्तर ध्रुवावरचा खरा अंधार. सहा महिन्यांच्या रात्रीचा बराचसा भाग संधिप्रकाशातच जातो.

वर्षातला सर्वांत छोटा संधिप्रकाश केव्हा, हा याच विषयातला एक देखणा उपप्रश्न. पुष्कळांना तो विषुवदिनी वाटतो. प्रत्यक्षात सूर्यास्त भूमितीय क्षितिजावर धरला तर साइन क = −टॅन ९° × साइन अ ही अट पूर्ण होते तेव्हा तो असतो, म्हणजे उत्तर गोलार्धात सूर्य किंचित दक्षिणेकडे असताना. २०° साठी ही क्रांती सुमारे −३.१° येते, म्हणजे मार्चच्या विषुवदिनाआधी आणि सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर सुमारे ८ दिवस. ५०° साठी −७°, म्हणजे सुमारे १८ दिवस. पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनेश यांनी १५४२ मध्ये, कलनशास्त्र (कॅल्क्युलस) जन्माला येण्याच्या शंभरावर वर्षे आधी, निव्वळ भूमितीने हा प्रश्न सोडवला होता. पुढे याकोब आणि योहान या बेर्नुली बंधूंना नव्या कलनशास्त्राच्या आधारानेही त्यावर बराच घाम गाळावा लागला.

आता क्रांतीकडे वळू, कारण समीकरण कितीही अचूक असले तरी क चुकली की सारे बिघडते. सर्वत्र आढळणारे सोपे सूत्र असे: क = −२३.४४° × कोसाइन (३६०° × (दिवसाचा क्रमांक + १०) ÷ ३६५), ज्यात १ जानेवारीचा क्रमांक १. हे सूत्र पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार मानते. २३ सप्टेंबरला, म्हणजे २६६ व्या दिवशी, ते सुमारे −०.९° देते, जेव्हा क्रांती प्रत्यक्षात जवळजवळ शून्य असते. ५०° अक्षांशावर एवढ्याने दिनमान ८ मिनिटांनी ढळते. शाळेतील प्रात्यक्षिकाला ते चालेल, तक्त्याला नाही. मी पुढील मार्ग सुचवेन, जो १९५० ते २०५० या काळात सूर्याचे स्थान सुमारे ०.०१° पर्यंत बरोबर देतो. १ जानेवारी २००० च्या जागतिक वेळेनुसार दुपारी १२ पासून गेलेल्या दिवसांची संख्या, अपूर्णांकासह, ‘न’ या अक्षराने दाखवू. मग सूर्याचा क्रांतिवृत्तावरचा, म्हणजे त्याच्या वार्षिक मार्गावरचा, मध्यम रेखांश म = २८०.४६०° + ०.९८५६४७४° × न; मंदकेंद्र (सूर्य पृथ्वीला सर्वांत जवळ असतो त्या स्थानापासूनचे मध्यम कोनीय अंतर) ग = ३५७.५२८° + ०.९८५६००३° × न; सूर्याचा खरा रेखांश र = म + १.९१५° × साइन ग + ०.०२०° × साइन २ग; आणि शेवटी साइन क = साइन २३.४३९° × साइन र. क्रांतिवृत्ताचा तिरकसपणा शतकाला ०.०१३° इतकाच घटतो, तेव्हा तो स्थिर धरला तरी या कामात बिघडत नाही.

क्रांती कोणत्या क्षणाची घ्यावी, याचाही विचार हवा. विषुवदिनाच्या सुमारास ती तासाला जवळजवळ एक कला बदलते, म्हणून संध्याकाळी आणि दुसऱ्या पहाटे ती सारखी नसते. दिवसाची लांबी २४ मधून वजा करून रात्र काढणे म्हणजे दुपारची क्रांती रात्रीला लावणे. रात्रच हवी असेल तर त्या स्थळाच्या मध्यरात्रीची क्रांती घ्यावी. संध्याकाळची चूक आणि पहाटेची चूक एकमेकींना बहुतांशी खाऊन टाकतात. याहून नेमके हवे असेल तर आधी ढोबळ वेळ काढावी, त्या क्षणाची क्रांती काढून ह पुन्हा सोडवावा, आणि हे दोनदा केले की पुरे. घड्याळाचा आणि सूर्याचा मध्यान्ह यांतील फरक, स्थळाचा रेखांश आणि प्रमाणवेळ यांची गरज घड्याळातील वेळ सांगायची असेल तरच लागते. लांबी काढताना त्यांना मध्ये आणू नये. आणले की नसत्या चुका वाढतात.

अचूकतेची हाव कोठे सोडावी, तेही सांगतो. ३४ कलांचे अपवर्तन ही सरासरी आहे; हवेचे तापमान आणि दाब यांनुसार ते काही कलांनी सहज बदलते. जूनमध्ये ५०° वर सूर्य मावळताना तासाला सुमारे ७.४° उतरतो, म्हणजे अपवर्तनातला ६ कलांचा फरक सूर्यास्त ४८ सेकंदांनी हलवतो. उंचावरून पाहणाऱ्याचे क्षितिजही खाली जाते: मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला १.७६ ने गुणले की तितक्या कला मिळतात, तेव्हा समुद्राकाठच्या १०० मीटर उंच कड्यावरून सूर्यास्त २०° अक्षांशावर सव्वा ते दीड मिनिट उशिरा होतो. ही सुधारणा फक्त सूर्योदय-सूर्यास्ताला लागू आहे, संधिप्रकाशाच्या सीमांना नाही. सेकंदांपर्यंत छापलेली सूर्यास्ताची वेळ पाहिली की मला गणितापेक्षा छापणाऱ्याच्या आत्मविश्वासाचे कौतुक वाटते; पूर्ण मिनिट पुरेसे आहे.

प्रणाली तयार झाल्यावर ती तीन किमतींवर चालवून पाहावी. अक्षांश ० आणि क्रांती ० दिल्यावर रात्र ११ तास ५३ मिनिटे यावी. अक्षांश ५० आणि क्रांती −२३.४४ दिल्यावर रात्र १५ तास ५६ मिनिटे, खगोलीय संधिप्रकाश जवळजवळ २ तास आणि गडद अंधार ११ तास ५७ मिनिटे यावा. अक्षांश −५० आणि क्रांती +२३.४४ दिल्यावर हेच आकडे जसेच्या तसे मिळावेत. न मिळाल्यास चिन्हांत कोठेतरी गफलत आहे. आणि पहिल्याच चाचणीत उत्तर अगदीच विचित्र आले, तर बहुधा आपण अंशांतला कोन रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) मागणाऱ्या फलनाला दिला असेल.